लेबलाची मागची बाजू

आमच्या हॉलमध्ये मला बसवत नाही. सोफा चांगला आहे, पंखाही चालतो, तरी टेकलो की दोन मिनिटांत उठतो. बाल्कनीत जातो, सुरतच्या उधना भागाकडून येणारा लूमचा खडखडाट ऐकतो, परत येतो, समोरच्या भिंतीवरची फ्रेम जरा डावीकडे कललीय असं वाटतं, ती सरळ करतो, मागे सरकून बघतो, आता उजवीकडे कललीय असं वाटतं. बायको शाळेच्या वह्या तपासता तपासता म्हणते, "अहो, फ्रेम सरळच आहे, तुम्हीच वाकडे उभे आहात." ती शिक्षिका आहे, तिला कोणाचीही चूक शांतपणे सांगता येते. मला चुकासुद्धा शांतपणे करता येत नाहीत.

या सगळ्याला कारण एक कापडाचं लेबल. पूर्वी मिलमधून तागा बाहेर पडायचा तेव्हा त्याच्यावर एक रंगीत, चकचकीत चित्र चिकटवलेलं असायचं. कशावर वाघ, कशावर राजा, कशावर आगगाडी. गिऱ्हाईक वाचता न येणारं असलं तरी चित्र ओळखायचं आणि तेच कापड मागायचं. आता ती पद्धत गेली. सुरतच्या बाजारात आज ढीगभर कापड निघतं, पण त्याच्यावर बारकोडचं पांढरं स्टिकर असतं. मी जुनी लेबलं जमवतो. सुरतजवळच्या सचिन गावात एका डाईंग हाऊसच्या ऑफिसात नोकरी करता करता मला हा नाद लागला. कुठे जुनं दुकान मोडतंय, कुठल्या पेढीचं गोडाऊन रिकामं होतंय, असं कानावर आलं की माझे पाय तिकडे वळतात.

पण फ्रेममधलं लेबल मी जमवलेलं नाही, ते घरचंच आहे. माझे वडील खानदेशात एका कापडाच्या मिलमध्ये पॅकिंग खात्यात होते. दिवसभर ताग्यांना लेबलं लावणं हे त्यांचं काम. मिल बंद पडली, आम्ही सुरतला आलो, ते इथे लूमवर लागले आणि मिलबद्दल फारसं कधी बोलले नाहीत. ते गेल्यानंतर मायची लग्नातली लोखंडी पेटी भंगारात काढायची ठरली, कारण तळ गंजून तिचा चुरा होत होता. ती रिकामी करताना झाकणाच्या आतल्या बाजूला हे लेबल चिकटवलेलं दिसलं. कमळांच्या तळ्याकाठी एक हिरव्या साडीतली बाई उभी, बाजूला मोर, आणि तिने पुढे केलेल्या हातावरून कापडाचं एक टोक खाली सुटलेलं. खाली कापडाच्या मापाचं 'वार' असं छापून पुढे आकड्यासाठी मोकळी जागा. मी नखाने कोपरा उचलला तर ते अख्खं सुटून हातात आलं.

मी ते उलटं केलं. चारही कोपऱ्यांना वाळलेली खळ होती, आणि बरोबर मध्ये, कोऱ्या कागदावर, एका बोटाचा ठसा. मिलमध्ये खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे, त्यामुळे ठसा फिकट निळा. रेषा अगदी स्वच्छ होत्या. आणि त्या रेषांना मधोमध तिरकी कापत गेलेली एक कोरी रेघ होती, जखम भरून आल्यावर राहते तशी. पॅकिंगमध्ये गठ्ठ्यांना लोखंडी पट्ट्या आवळतात, त्यांनी बोटं कापतात, हे मला माहीत होतं. वडिलांचे हात आठवायचा मी प्रयत्न केला, पण हात आठवले, बोट आठवेना. तरी मला शंका नव्हती. लेबल म्हणजे वडील, हे आमच्या घरात सूर्यप्रकाशाइतकं उघड होतं.

आमच्याकडे वडिलांचा एकही धड फोटो नाही. रेशन कार्डावरचा आहे, त्यात ते दुसऱ्याच कोणासारखे दिसतात. म्हणून तो ठसाच माझा फोटो झाला. लेबल मी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायचो आणि जीव कासावीस झाला की बाहेर काढायचो. ऑफिसात शेठची बोलणी खाल्ली, की काढ. पोराने फोनवर दोन वाक्यांत बोलणं गुंडाळलं, की काढ. पुढची बाई मी क्वचितच बघायचो. उलटं करायचं, खिडकीच्या उजेडात तिरकं धरायचं, ती कोरी रेघ बघायची आणि परत ठेवून द्यायचं. मायला हे मी कधी सांगितलं नाही. उगाच रडत बसेल, असं वाटायचं.

मग माझे एक संग्राहक मित्र मध्ये पडले. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, जुन्या सुरती घराण्यातले, जरीचा व्यवसाय मुलांवर सोडून आता फक्त लेबलं जमवतात. त्यांच्या दिवाणखान्यात भिंत दिसत नाही, सगळ्या फ्रेमाच. त्यांनी माझं लेबल हातात घेतलं, पुढून पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. मागची बाजू त्यांनी बघितलीच नाही. म्हणाले, "आ तो फ्रेममां ज शोभे, भाई. सूरतनी हवा छे, आम ने आम राखशो तो खलास थई जशे." सुरतच्या हवेत उघडा ठेवला तर कागद संपणार, हे त्यांचं खरंच होतं. पावसाळ्यात आमच्याकडे पापडसुद्धा डब्यात वाकतात. कागदाचा एक कोपरा पिवळा पडायला लागला होता, ते मीही पाहिलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी 'शोभे' म्हटल्यावर माझी छातीही थोडी फुगली होती. आपल्याकडची एक वस्तू भिंतीवर जाण्याच्या लायकीची आहे, हे कोणत्याही संग्राहकाला ऐकायला आवडतं.

उधन्याच्या फ्रेमवाल्याकडे गेलो. दुकानात अर्धे देव आणि अर्धी गेलेली माणसं. त्याने लेबलाकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "माताजी है या गुजर गए हैं? माताजी को गोल्डन लगता है, गुजरे हुए को ब्राउन."

"दोनों नहीं. लेबल है. काली पतली पट्टी लगाओ."

"काली?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच जरा खजील झालो. "घर में काली कौन लगाता है, साहब?"

चार दिवसांनी आणायला गेलो तर सोनेरी, नक्षीची, कोपऱ्यांत फुलं असलेली फ्रेम तयार होती. भांडण्याइतकी ताकद नव्हती. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. घेऊन आलो आणि ठोकली.

पहिले आठ-दहा दिवस मी खूश होतो. येणारा-जाणारा त्या फ्रेमपाशी थांबायचा. शेजारचे म्हणाले, कुठून आणली हो, किती जुनी असेल. बायकोच्या शाळेतल्या बाई तर सेल्फी काढून गेल्या. काचेमुळे हिरवा रंग खुलला होता, मोराच्या पिसाऱ्यातले बारीक ठिपके मला पहिल्यांदाच दिसले. मीसुद्धा फोटो काढले, संग्राहकांच्या ग्रुपवर टाकले, तिथे अंगठे वर झाले. मग हळूहळू मला कळायला लागलं की मी स्वतः तिकडे बघेनासा झालोय. वस्तू पाकिटात होती तेव्हा ती काढावी लागायची, धरावी लागायची, परत ठेवावी लागायची. भिंतीवर गेली आणि तिची भिंतच झाली. आणि जी बाजू मला हवी होती ती तर आता पुठ्ठ्याकडे तोंड करून बसली होती. इतके फोटो काढले, पण मागच्या बाजूचा एकही नव्हता. फ्रेमवाल्याकडे देण्याआधी तो काढून ठेवावा हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तसा फार हुशार माणूस आहे, फक्त वेळेवर नाही.

एका संध्याकाळी त्या मित्रांकडे गेलो तेव्हा त्यांना विचारलं, तुम्ही इतकी लेबलं भिंतीवर लावलीत, रोज बघता का? ते हसले. म्हणाले, "ना रे. हूं तो हवे मेहमाननी आंखो जोऊं छुं." पाहुणे फ्रेमकडे बघतात आणि ते पाहुण्यांच्या डोळ्यांकडे. पाहुणा आला नाही तर त्या दिवशी त्यांच्याकडे एकही लेबल नसतं. त्यांनी ते अगदी मजेत सांगितलं. मला मात्र घरी येईपर्यंत चैन पडली नाही.

घरात त्या फ्रेमकडे रोज बघणारं एकच माणूस होतं, ती म्हणजे माय. फ्रेम लागली त्याच्या दुसऱ्याच सकाळी काचेवर, त्या बाईच्या कपाळाच्या जागी, कुंकू. काचेवर कोरडं कुंकू टिकत नाही हे लक्षात आल्यावर ती वाटीत पाण्याचे दोन थेंब घालून कालवायला लागली. स्टुलावर चढू नकोस म्हटलं तर मला फ्रेम हाताला येईल इतकी खाली घ्यायला लावली. मग उदबत्ती आली. मग शुक्रवारी जास्वंदीचं फूल.

"माय, ती देवी नाही गं. कापडाचं लेबल आहे. खाली बघ, वार लिहिलंय."

"माले माहीत शे, लेबल शे ते."

"मग?"

"मंग काय? भितवर चढाई दिधं ना तू? आते तिले उपाशी ठेवू का?"

बायको वहीतून मान वर न काढता म्हणाली, "वार लिहिलाय तर शुक्रवारच असणार." दोघी हसल्या. मी हसलो नाही. उदबत्तीचा धूर काचेच्या फटीतून आत जातो, ओल्या कुंकवाचं पाणी खाली ओघळून पट्टीत शिरतं, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून मी दर रविवारी ओल्या फडक्याने काच पुसून लख्ख करायचो. सोमवारी सकाळी कुंकू हजर. मी पुसत होतो, ती लावत होती, आणि मधल्या बाईचा हात आपला पुढे केलेला.

श्रावणात कानबाई देवीचा सण झाला. आम्ही खानदेशी लोक सुरतला येऊन किती वर्षं झाली, पण कानबाई सोडत नाही. रविवारी बसवायची, रोट करायचे, सोमवारी वाजतगाजत नेऊन तापीत निरोप द्यायचा. त्या गर्दीतून परत आलो तेव्हा माझ्या अंगात जी अस्वस्थता शिरली ती जाईना. सारखं वाटायला लागलं, मागे ओल लागली असेल. ठसा फुगला असेल. पुसट झाला असेल. जेवताना वाटायचं, कंपनीच्या बसमध्ये वाटायचं. घरात पिंजऱ्यातल्या जनावरासारख्या माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. माय म्हणायची, "कितला फिरस रे घरमा! बठ ना जराखा." मी बसायचो आणि उठायचो.

शेवटी एका रविवारी सकाळी फ्रेम उतरवली, जेवणाच्या टेबलावर पालथी घातली आणि पकडीने मागचे खिळे काढले. पुठ्ठा उचलला. लेबल पुठ्ठ्यालाच होतं. कोपऱ्यांना नाही, अख्खं. पांढऱ्या गोंदाने, कडेपासून कडेपर्यंत, एकही बुडबुडा न राहू देता चिकटवलेलं.

मी फ्रेमवाल्याला फोन लावला. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचं शांत उत्तर आलं, "साहब, चिपकाते नहीं तो लहर पड़ती है. अच्छा किया ना? एकदम सीधा बैठा है." आणि खरंच ते एकदम सरळ बसलं होतं. त्याने ज्याची काळजी घ्यायची त्याची घेतली होती. दिसणाऱ्या बाजूची.

मी खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस, समोर पुठ्ठा, आणि डोळ्यांतून पाणी. बायको वह्या सोडून आली. तेव्हा मी पहिल्यांदा तिला ठशाबद्दल सांगितलं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाल्कनीत मेथी निवडत बसलेल्या मायला आमच्या तोंडाकडे बघून काहीतरी झालंय एवढंच कळलं.

मित्रांना फोन केला. ते म्हणाले, कोमट पाण्यात घाला, पाकिटावरचं पोस्टाचं तिकीट सोडवतात तसं, तासाभरात गोंद सुटेल. रंग थोडा जाईल, कदाचित बराच जाईल, पण कागद सुटेल. मी परातीत कोमट पाणी काढलं. बायको म्हणाली, "गोंद विरघळेल, तर खळ विरघळणार नाही का? ठसा खळीचाच आहे ना?"

"मोरचुदाचा निळा कागदात मुरला असेल. तो राहील."

"आणि नाही राहिला तर? पुढचंही जाईल आणि मागचंही."

बरोबर होतं तिचं. पण मला बसवत नव्हतं. जे हातात नाही ते भिंतीवर असण्यापेक्षा काहीतरी करून मोकळं व्हावं, एवढंच डोक्यात घोंगावत होतं. मी पुठ्ठा उचलला.

"थांब," माय दारातून म्हणाली. हातातली मेथीची जुडी तिने खाली ठेवली. "पानीमा टाकी राहिना का तिले?"

"हो. खराब झालंय. सोडवायचंय."

मला वाटलं आता ती ओरडेल, देवी बुडवतो म्हणून कपाळावर हात मारून घेईल. तिने तसलं काही केलं नाही. आत जाऊन कुंकवाची वाटी घेऊन आली. "कानबाईले बोळवतस तवय कुंकू लावतस ना? मंग? कुंकू लाईसन टाक."

ती वाटीत बोट बुडवून लेबलाकडे वाकली. मी घाबरून पुठ्ठा मागे ओढला. "कागदावर नको! काचेवर लाव, ही घे काच." त्या परिस्थितीतही मी लेबलाला डाग पडू देत नव्हतो, संग्राहक मरतो पण खोड जात नाही. टेबलावरची सुटी काच मी तिच्यापुढे उभी धरली. कालच्या रात्री धुऊन ठेवली असावी इतकी ती स्वच्छ होती, कारण फ्रेम उघडायच्या आधी मी सवयीने तिच्यावरचं कुंकू पुसलं होतं. मायने अनामिका टेकवली, क्षणभर डोळे मिटले आणि बोट उचललं. मी काच परातीच्या बाजूला ठेवणार, तोच बाल्कनीच्या उजेडात ती माझ्या डोळ्यांसमोर आली.

लाल ठसा होता. रेषा अगदी स्वच्छ. आणि त्या रेषांना मधोमध तिरकी कापत गेलेली एक कोरी रेघ.

मी काच उजेडात धरून उभा राहिलो. बायकोने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग काचेकडे, आणि तिने तोंडावर हात ठेवला. मी मायचा हात ओढला. अनामिकेच्या पेरावर जुना, पांढरा पडलेला व्रण होता. हा हात मी जन्मापासून बघतोय. या हाताने मला भरवलंय, याच हाताने मी मार खाल्लाय.

"हे कधी कापलं, माय?"

"हाई? ईळीघाई. लगीन व्हईसन नवी नवी उनू तवय." विळीच्या एका जुन्या कापाने मला एवढं काय झालं ते तिला कळेना.

"पेटीत लेबल कोणी चिकटवलं होतं?"

"मीच! लेबल नि खळ दोन्ही तुना बाबा मिलमाईन लई उनतात. मी म्हंतं, लक्ष्मी शे, पेटीमा ऱ्हाऊ दे." मग जरा लाजल्यासारखी हसून म्हणाली, "खळना हात देवीले कोनता लावू? कुंकूनंच बोट लावं." आणि तिने तीच अनामिका वर केली.

म्हणजे फ्रेममुळे ती देवी झाली नव्हती. ती पहिल्यापासूनच देवी होती, आमच्या घरी आली त्या दिवसापासून, आणि हे विचारायचं मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. ज्या बोटासाठी मी लेबल उलटं करकरून बघत होतो, जे पुठ्ठ्यामागे बुडालं म्हणून मघाशी रडलो, ते बोट रोज सकाळी उठून त्याच चित्रावर, पुढच्या बाजूने, सगळ्यांच्या समोर टेकत होतं. आणि मी दर रविवारी ओलं फडकं घेऊन ते पुसून टाकत होतो. मला शरम वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की कुठे ठेवू कळेना. वडिलांचा ठसा माझ्याकडे कधीच नव्हता, हे दुःखही त्यात कुठेतरी होतंच. ते नंतर वर आलं, अजूनही येतं.

मी पुठ्ठा जागेवर ठेवला. त्याच्यावर काच, कुंकवाची बाजू वर, न पुसता.

"अरे, टाक ना," माय म्हणाली. "पानी थंड व्हई राहिनं."

"होऊ दे," मी म्हणालो, तिला बाल्कनीत परत बसवलं आणि तिने अर्धवट टाकलेली मेथीची जुडी घेऊन तिच्या शेजारी खाली बसलो.